तीन शिट्ट्यांचा विनोद

ब्रिटिश कॉमेडी माझ्याइतकी कळणारा मराठी माणूस अख्ख्या ॲडलेडमध्ये दुसरा नव्हता. फक्त इंग्रजी कळत नव्हतं.

अगदीच कळत नव्हतं असं नाही हां. वेअरहाऊसमध्ये फोर्कलिफ्ट चालवायला लागतं तेवढं यायचं. ‘मेट’, ‘नो वरीज’, ‘पाय सांभाळ’, आणि नाही सांभाळला तर ‘सॉरी मेट’. एवढ्यावर माझी आठ वर्षं निघाली होती. पण टीव्हीवरचे ते ब्रिटिश लोक तोंडात गरम बटाटा धरल्यासारखे बोलतात, आणि बोलून झालं की नुसती एक भुवई वर करतात. मला भुवई तेवढी समजायची. भुवईच्या खालचं सगळं काकांनी समजावलं.

काका म्हणजे माझे घरमालक. नात्यातले नाहीत. नात्यातले असते तर त्यांनी मला घरात घेतलंच नसतं. दहावीला मी तीनदा बसलो. आमचे वडील भोसरीत सगळ्यांना सांगायचे, “आमचा पोरगा अभ्यासाला फार चिकट, एकच पुस्तक तीन वर्षं वाचतो.” मग एका एजंटनं मला कुकरीच्या कोर्सला इकडे पाठवलं. कोर्सच्या परीक्षेत परीक्षकानं माझं सूप चाखलं आणि विचारलं, हे भांडी घासलेलं पाणी आहे का? ते खरंच भांडी घासलेलं पाणी होतं. सूप शेजारच्या पातेल्यात होतं. मग ते चाखून म्हणाला, पहिलं बरं होतं.

तर असा मी. आणि काका म्हणजे मिरजेचे, शिकलेले, तीस वर्षं इथल्या काउन्सिलमध्ये गटारं आणि पाइप बघणारे इंजिनिअर. ॲडलेडमध्येच, मॉसन लेक्सला तळ्याच्या कडेला घर. रिटायर झाले तरी संध्याकाळी टीव्ही बघायला टाय लावून बसायचे. हातात एक जुनं चावीचं घड्याळ. ते घड्याळ कधी बंद पडलेलं मी बघितलं नाही, पण काका दिवसातनं दहादा ते मनगटासकट कानाला लावायचे, हलवायचे, परत लावायचे. मला वाटायचं म्हाताऱ्याला ऐकू कमी येतं. काय काय वाटायचं मला तेव्हा.

आता ते ब्रिस्बेनच्या बाजूला, स्प्रिंगफील्ड लेक्सला मुलीकडे असतात. म्हणून सांगायला हरकत नाही.

आमची भेट झाली ती इंडियन ग्रोसरीच्या दुकानात. कोरोना नुकता आला होता. लोक ट्रॉल्या भरभरून माल नेत होते. आट्याची शेवटची दहा किलोची पिशवी राहिलेली आणि दोन बायकांनी ती दोन बाजूंनी धरलेली. पिशवी फाटली. दोघी डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या. आणि दोघी एकाच वेळी एकमेकींना म्हणाल्या, “सॉरी.”

मी हसलो. आता माझं हसणं म्हणजे साधं नाही. आधी छातीत खरखर होते, मग नाकातनं बारीक आवाज निघतो, मग जुना पंप पाणी ओढतो तसं सुरू होतं आणि थांबत नाही. त्याच हसण्यापायी मला त्या आठवड्यात राहत्या घरातनं काढलं होतं. आम्ही चौघं राहायचो. एकाची ऑनलाइन परीक्षा चालू होती, मी बाथरूममध्ये मोबाइल बघून हसलो, आणि तो नापास झाला. मी त्याला सांगितलं, अरे मी तर न हसताच नापास व्हायचो. तर म्हणाला, भाई, तू निकल.

दुकानात सगळे माझ्याकडे रागानं बघायला लागले. एक टायवाला म्हातारा तेवढा रागावला नव्हता. घड्याळ कानाला लावून उभा होता.

“परत हस,” म्हणाला.

“काय?”

“आत्ता हसलास तसं परत हसून दाखव.”

“असं सांगून कसं हसणार काका?”

“म्हणजे खरं होतं,” तो म्हणाला. “राहतोस कुठे?”

“कुठेच नाही.”

“चल.”

घरी नेऊन मला एका खुर्चीत बसवलं, टीव्हीवर एक जुना ब्रिटिश सिनेमा लावला. कुणी एक लॉर्ड बनियनवर कपाटात लपतो आणि कपाटात आधीच दुसरा कुणीतरी असतो. काका टीव्हीकडे बघतच नव्हते. डोळे मिटून माझं ऐकत होते. शेजारी फोन ठेवलेला, स्पीकरवर. पाच मिनिटांनी त्यांनी फोनला विचारलं, “अगं, ऐकलंस? कसं आहे?”

फोनमधनं एक बाई म्हणाल्या, “थोडं घोड्यासारखं आहे. पण प्रामाणिक आहे.”

मला खोली मिळाली. आयुष्यात मी पास झालेला तो पहिला इंटरव्ह्यू.

फोनवर होत्या त्या काकू. फेब्रुवारीत त्या मिरजेला गेल्या होत्या, त्यांच्या ताईंचं गुडघ्याचं ऑपरेशन होतं म्हणून. दीड महिन्यात परत यायचं होतं. मधेच बॉर्डर बंद. तिकीट एकदा रद्द झालं, दुसऱ्यांदा झालं, मग काकांनी कॅलेंडरवर खुणा करायचं सोडून दिलं.

तर ह्यांची एक पद्धत होती, तीस वर्षांची. नवीन नवीन इथे आले तेव्हा काकूंना इंग्रजी येत नव्हतं, ओळखीपाळखी नाहीत, दिवसभर एकट्या. टीव्हीवर ब्रिटिश कॉमेडी लागायची. काका टीव्हीच्या शेजारी स्टुलावर बसायचे, टीव्हीकडे अर्धी पाठ करून, आणि प्रत्येक वाक्य मराठीत करून सांगायचे. काकू टीव्हीकडे कमी आणि काकांकडे जास्त बघायच्या. ती पद्धत तशीच राहिली. आता काकू मिरजेत, तर फोनवर. आमच्याकडे संध्याकाळचे सहा वाजले की त्यांच्याकडे दुपारचे दोन. जेवण करून, ताईंना औषध देऊन त्या फोन घेऊन बसायच्या, आणि इकडे काका स्टुलावर.

पण काकू म्हणाल्या, “अहो, एकटीला हसायला येत नाही हो. आपलंच हसू ऐकलं की घरात कुणी शिरल्यासारखं वाटतं.”

म्हणून काका हसणारा शोधत होते. स्वतः का हसत नव्हते म्हणाल, तर काका हसायचेच नाहीत. दोन वर्षांत मी त्यांचे दात फक्त ग्लासात बघितले. दोन पुढचे कवळीचे होते. मोठा विनोद झाला की ते डॉक्टरासारखी मान हलवायचे, म्हणजे काय झालंय ते कळलं, आता गोळी लिहून देतो.

विनोद मोजायचं त्यांचं माप म्हणजे कुकरच्या शिट्ट्या. “ही मालिका एका शिट्टीची. वरचेवर. मूगडाळ.” “हा तीन शिट्ट्यांचा, नीट शिजलाय.” पळापळीचा सिनेमा असला, लोक चड्डीवर धावतायत, पायऱ्यांवरनं घसरतायत, तर म्हणायचे, “शिट्टीच झाली नाही. झाकण उघडं राहिलंय.” एका सिनेमाला त्यांनी सहा शिट्ट्या दिल्या होत्या, त्यात एक माणूस दीड तास रांगेत उभा असतो आणि शेवटी त्याला कळतं रांग दुसऱ्याच गोष्टीची आहे, पण आता निघायची लाज वाटते. “हरभरा आहे हा,” काका म्हणाले, “आदल्या रात्री भिजवल्याशिवाय समजायचा नाही.” मला नाही समजला. मी म्हटलं काका, ह्यात हसायचं कुठे? “उद्या हसशील,” म्हणाले. आणि खरंच, दुसऱ्या दिवशी फोर्कलिफ्टवर हसलो. मालाचं पॅलेट पडलं. सुपरवायझर धावत आला, मी म्हटलं, सॉरी मेट, हरभरा शिजला.

त्यांची मतं मी पाठ केली होती. दहावीला कविता पाठ झाली नाही, पण हे झालं.

“इंग्रज पडला तर हसू नकोस. पडून उठल्यावर कुणी बघितलं का म्हणून इकडेतिकडे बघतो, तिथे हस.”

“ज्या मालिकेत मागनं हसण्याचा आवाज लावतात ती मालिका आजारी. तिला सलाईन लावलंय.”

मी विचारलं, “मग मी काय आहे काका? मी पण मागनं लावलेला आवाजच की.”

त्यांनी घड्याळ कानाला लावून विचार केला. “तू सलाईन नाहीस. तू पेज आहेस. घरची.”

मला ते इतकं आवडलं की मी वेअरहाऊसमध्ये सगळ्यांना सांगितलं, माझे लँडलॉर्ड मला भाताची पेज म्हणतात. कुणालाच काही वाटलं नाही.

लायब्ररी बंद होणार ही बातमी आली त्या दिवशी लोक टॉयलेट पेपर भरत होते आणि काकांनी एकवीस डीव्हीडी भरल्या. पण वीस नावालाच. खरी एकच. घड्याळवाल्याची मालिका.

इंग्लंडातलं कुठलंसं पावसाळी गाव. घड्याळं दुरुस्त करायचं एक दुकान. दुकानात वाळका घड्याळजी, वरच्या मजल्यावर त्याची सासू. सासू कधी दिसायची नाही, नुसती वरनं काठी आपटायची. ठक ठक. आणि दर भागात एक टोपीवाला माणूस दुकानात यायचा, एक डबीसारखं काहीतरी टेबलावर ठेवायचा, छताकडे बघायचा, आणि ठकठक झाली की डोक्यावरची टोपी काढायचा.

काका ते असं सांगायचे: “आला बघ. आज पण घड्याळ आणलंय. चांगलं चालू घड्याळ आहे, पण म्हणतो मागे पडतंय. घड्याळजीला कळत नाही असं नाही. हा छताकडे बघतोय. ती वर आहे, ह्याला माहितीये. पंचवीस वर्षं झाली, बोललेला नाही एक शब्द. … ऐकलंस? ठकठक. म्हणजे ती म्हणते, आलास ते कळलं. आता हा टोपी काढेल. काढली.”

इथे काकू फोनवर हसायच्या. मोठ्यानं नाही, हुंकार दिल्यासारखं. मी इकडे घोड्यासारखा हसायचो, आणि टोपी काढली की रडायचो. दोन्ही एकाच नाकातनं.

मालिकेचे भाग सहा. काका पाच सांगायचे आणि परत पहिल्यावर यायचे. “सहावा ती आल्यावर,” म्हणायचे. असं आम्ही ती मालिका किती वेळा फिरवली त्याचा हिशोब नाही. लायब्ररी उघडली, तरी काका तीच परत परत रिन्यू करायचे.

आता माझी अब्रू कशी गेली ते सांगतो.

काका प्रत्येक डीव्हीडीच्या डब्यात आपलं मत चिठ्ठीवर लिहून ठेवायचे. पुढच्या माणसासाठी. इंग्रजीत. ‘तीन शिट्ट्या. विसाव्या मिनिटाला चहा करायला उठू नये.’ वर्षानुवर्षं. लायब्ररीतल्या बाईंनी त्या सगळ्या जपून ठेवल्या होत्या. कोरोनात त्यांनी ऑनलाइन प्रेक्षक मंडळ सुरू केलं, ब्रिटिश कॉमेडीवर मतं द्यायची, आणि काकांना फोन केला, की शिट्टीवाले गृहस्थ तुम्हीच ना, या.

काका म्हणाले, “मी परीक्षक. परीक्षक वादात पडत नाही. तू जा.”

मी गेलो. टाय लावून गेलो, काकांचाच. स्क्रीनवर दहा-अकरा डोकी, सगळी पांढरी. त्या दिवशीचा विषय घड्याळवाल्याची मालिका. मला कोण आनंद! माझा हातखंडा विषय. माझी पाळी आली तेव्हा मी उभाच राहिलो, त्यामुळे त्यांना फक्त टाय दिसला. मोडक्या इंग्रजीत सांगितलं, की हा टोपीवाला माणूस पोरगा होता तेव्हापासून तिच्यावर प्रेम करतोय. घड्याळ बिघडलेलं नाहीच. बिघडलेलं घड्याळ दुरुस्त होतं आणि संपतं, चालू घड्याळ घेऊन माणूस जन्मभर येऊ शकतो. एवढं बोलून मी टायला नाक पुसलं.

सगळी डोकी जागच्या जागी गोठली. मला वाटलं नेट गेलं.

मग एक म्हातारा म्हणाला, “मेट, तो काउन्सिलचा इन्स्पेक्टर आहे. गटाराची तक्रार आलीय म्हणून येतो.”

दुसरा म्हणाला, ते डबीसारखं आहे ते ओल मोजायचं यंत्र. तिसरा म्हणाला, छत गळत असतं. टोपी तो गळक्या पाण्याखाली धरतो, तोच तर जोक आहे. सासू ठकठक करते कारण तिला झोपायचं असतं.

मी म्हटलं, “यू शुअर?”

लायब्ररीच्या बाई फार चांगल्या. त्या म्हणाल्या, वेगळा दृष्टिकोन आहे. मी खाली बसलो. तेवढ्यात कोपऱ्यातल्या चौकोनातली एक इंग्लिश आजी, मांडीवर मांजर घेऊन बसलेली, म्हणाली, “चाळीस वर्षं बघतेय मी ही मालिका. त्या माणसाचं बरं व्हावं असं मला आज पहिल्यांदा वाटलं.”

पण मला तेव्हा ते ऐकू आलं नाही. मी लॅपटॉप आपटून काकांकडे गेलो.

“काका, तुम्ही वर्षभर मला खोटं सांगितलंत!”

“खोटं कुठे?” काका म्हणाले. “तो दर भागात येतो ना? ती ठकठक करते ना? तो टोपी काढतो ना? एवढं त्यांचं. बाकीचं आपलं.”

“आणि काकू? काकूंना कळलं तर?”

“तिला काय कळायचंय? वीस वर्षं शाळेच्या कँटीनला होती ती. माझ्यापेक्षा फाडफाड इंग्रजी बोलते.”

“मग तुम्ही सांगता कशाला?”

काकांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं दहावीचे सर बघायचे. “अरे, नुसती मालिका बघायची तर तिला मी कशाला हवा?”

म्हणजे घरात एकच माणूस असा होता ज्याला ते सगळं खरं वाटत होतं. आणि तो टाय लावून ऑनलाइन जाऊन आला होता.

मग दुसऱ्या लाटेत मिरजेत ताई गेल्या. नऊ दिवसांत. काकूंना दवाखान्यात जाऊ दिलं नाही, आणि इकडनं तिकडे जायला विमान नाही, तिकडनं इकडे यायला नाही. काका दोन दिवस बागेत नळाला पाइप जोडायचे आणि काढायचे.

तिसऱ्या दिवशी सहा वाजता ते टाय लावून स्टुलावर बसले. मी म्हटलं, “आज पण?”

“मग केव्हा?” म्हणाले.

काकूंनी फोन उचलला. पण बोलल्या नाहीत. काकांनी पहिला भाग पूर्ण सांगितला. मी हसायचा प्रयत्न केला, तर नुसती खरखर झाली, पंप चढलाच नाही. पलीकडनं पंख्याचा आवाज तेवढा येत होता. दुसऱ्या दिवशी तसंच. आठवडे गेले तसेच. काकू रोज फोन उचलायच्या, काका रोज सांगायचे, हुंकार काही यायचा नाही. “कच्चं राहतंय,” काका मला म्हणायचे. जणू काय त्यांच्याच सांगण्यात काहीतरी कमी पडत होतं.

आणि एक दिवस भाग संपल्यावर काकू बोलल्या. म्हणाल्या, “मी आता इथेच राहीन म्हणते. विमानं सुरू झाली तरी. ताईचं घर आहे. तिकडे येऊन काय करायचंय?”

काका म्हणाले, “बरं. उद्या तिसरा भाग.”

फोन ठेवल्यावर मी भांडलो त्यांच्याशी. “असं काय काका? ‘ये’ म्हणा ना! एवढं बोलता त्या स्टुलावर बसून, हे एक वाक्य येत नाही तुम्हाला?”

“मी ये म्हटलं तर येईल ती.”

“मग?”

“मग बोलावलं म्हणून आली असं होईल.”

मी म्हटलं, ह्या शिकलेल्या लोकांचं काही खरं नाही. खोलीत जाऊन पडलो. मला त्या दोघांशिवाय इथे कोण होतं? वेअरहाऊसमध्ये मला अजून माझ्या जॅकेटच्या नंबरानं हाक मारायचे.

मग तो दाढेचा दिवस. काकांची दाढ काढली. अक्कल दाढ, सत्तराव्या वर्षी. अर्धं तोंड बधिर, गालात कापसाचा बोळा, डेंटिस्टनं सांगितलेलं की बोलायचं नाही. घरी आलो तेव्हा सहाला पाच कमी. काका थेट स्टुलावर. मी म्हटलं, आज सुट्टी. तर त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं, मग टीव्हीकडे, मग फोनकडे.

“मी? काका, मला येत नाही इंग्रजी!”

त्यांनी हात उडवला. म्हणजे, इंग्रजीचा काय संबंध.

मी डीव्हीडी लावली. स्क्रीनवर सहा भागांची नावं आली. पाचवा लावायचा होता. मी सवयीनं सगळ्यात खालचं दाबलं. आयुष्यभर माझा नंबर तोच, खालनं पहिला.

फोन लागला. “काकू, मी बोलतोय. काकांनी दाढ काढलीय. आज मी सांगतो.” पलीकडे पंखा.

मी सुरू केलं. “तर काकू, दुकान आहे. घड्याळजी आहे. तो … तो स्टॉक मोजतोय. मग एक जाडा आला, तो म्हणतो, मेट, डिलिव्हरी आली का. हा म्हणतो, नाही आली, ट्रक अडकलाय.” मला दुसरं सुचेचना, मी आपलं वेअरहाऊसच सांगत सुटलो. काका स्टुलावरनं दोन्ही हात हलवत होते, “ऊं, ऊं” करत होते. मला वाटलं खूश आहेत. मी आणखी जोरात. “तो म्हणतो फोर्कलिफ्ट आण!”

आणि मग टीव्हीवर जिना दिसला. तो मी कधी बघितला नव्हता. जिन्यावरनं पाय उतरत होते. अनवाणी. मग काठी. मग एक म्हातारी, पांढरे केस मोकळे. आणि खाली तो टोपीवाला उभा.

कुठला ट्रक आणि कुठलं काय. काका पण हात हलवायचे थांबले.

“काकू,” मी म्हटलं, “ती खाली आली.”

पलीकडे पंखा. मग किती दिवसांनी तो आवाज आला.

“मग?”

“मग … मग तो म्हणतो … म्हणतो, थोडा चहा मिळेल का.”

“गाढवा,” काकू म्हणाल्या. “त्याच्या हातात बादली आहे ना?”

मी बघितलं. बादली होती.

“वरची टाकी फुटलीय. म्हणून ती खाली आलीय, आणि तो पाणी उपसतोय. पाठ आहे तो भाग मला.” पलीकडचा पंखा बंद झाला. “आणि चहा-बिहा काही मागणार नाही तो. वर्षभर येत होता आमच्या दुकानात चालू घड्याळ घेऊन, बाबा खाली घड्याळं दुरुस्त करायचे आणि मी वर. वर्षभरात एकदा पाणीसुद्धा मागितलं नाही त्यानं. शेवटी मीच उतरले.”

“कोण काकू?” मी विचारलं. असा मी हुशार.

“तुझा काका,” काकू म्हणाल्या.

मी काकांकडे बघितलं. गाल सुजलेला, तोंडात कापूस, मनगट कानाला.

आणि तिकडे काकू हसल्या. आधी हुंकार, मग जरा मोठ्यानं, मग ते हसणं मधेच कुठेतरी रडणं झालं, आणि मी पण सुरू झालो, खरखर, नाक, पंप, सगळं.

“फोन त्यांच्या कानाला लाव,” काकू म्हणाल्या. मी लावला, घड्याळ नव्हतं त्या बाजूला. स्पीकर काढायचा विसरलो, म्हणून मला ऐकू आलं. “अहो, बंद करा ते. ह्यानं सगळ्याची वाट लावली. कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या करा, उद्यापासून, आज नको. आणि तो भाग ठेवा तसाच. विमानं सुरू झाली की येऊन बघते.”

काका म्हणाले, “ऊं.”

विमानं सुरू झाली तशा काकू आल्या. फॉर्म, तपासण्या, आठवडाभर घरात कोंडून राहणं, सगळं झालं. तो आठवडा मी एका मित्राच्या गॅरेजमध्ये झोपलो आणि वेअरहाऊसमध्ये स्मोकोला, म्हणजे चहाच्या सुट्टीत, सगळ्यांना सांगितलं, की बॉर्डर गव्हर्नमेंटनं उघडली असेल, पण काकूंना मी आणलं. ज्या विद्येला परीक्षकानं भांडी घासलेलं पाणी म्हटलं असतं, तिच्या जोरावर आणलं.

आठव्या दिवशी मी घरी परत. सहा वाजत आलेले. काका टाय लावून स्टुलावर. माझ्या खुर्चीत काकू, फोनवर वाटायच्या त्यापेक्षा बऱ्याच बुटक्या. मला म्हणाल्या, “हा होय तो घोडा,” आणि मी त्यांच्या पाया पडलो. स्वयंपाकघरात त्यांनी खिचडीचा कुकर लावलेला. मी खाली सतरंजीवर बसलो, गळा खाकरून, तयारीत.

सहावा भाग. काका सांगत होते, नेहमीसारखं, टीव्हीकडे अर्धी पाठ करून. काकू नेहमीसारख्या काकांकडे बघत होत्या, टीव्ही आपला चालला होता. घड्याळजी झाला, जाडा झाला, ट्रक-बिक काही नव्हता त्यात. टाकी फुटली. मग तो जिना आला, आणि काका बोलायचे थांबले. घड्याळ कानाला लावलं. हलवलं. परत लावलं. एक शब्द नाही. आत कुकरची शिट्टी झाली, मग दुसरी.

मला वाटलं म्हातारा विसरला. म्हटलं आपण आहोत की. मी पुढे सरकलो, घसा साफ केला आणि सांगितलं, “काकू, ती खाली आली!”

काकूंनी मान वळवली नाही.

“दिसतंय मला. तू ऊठ आणि कुकर बंद कर, तीन झाल्या.”